दोन मीटरची उडी

श्रावणात वाशीम-अकोल्याच्या माळांवर गवत गुडघ्याच्या वर जातं, तेव्हा तणमोराचा नर उड्या मारायला लागतो. गवतात दडलेल्या मादीला आपण दिसावं म्हणून हा काळापांढरा पक्षी दीड-दोन मीटर सरळ वर उसळतो, वर असतानाच पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात बुडतो. सगळा प्रकार एक-दोन सेकंदांचा, पण दिवसभरात अशा शेकडो उड्या होतात. ती उडी टिपावी असं पश्चिम विदर्भातल्या प्रत्येक पक्षी-छायाचित्रकाराला वाटतं. मग पहिला प्रश्न येतो, लेन्स किती मोठी घ्यायची?

जगात या प्रश्नाला थक्क करणारी उत्तरं मिळाली आहेत. कॅननने १९९३ मध्ये १२०० मिलिमीटर एफ ५.६ ही लेन्स बाजारात आणली. वजन साडेसोळा किलो. १४ मीटरच्या आतली वस्तू तिच्यात फोकसच होत नाही. कतारचे शेख सौद बिन मोहम्मद अल-थानी यांच्यासाठी लायकाने १६०० मिलिमीटरची लेन्स घडवली. तिचं वजन साठ किलोच्या वर आणि किंमत सुमारे वीस लाख डॉलर. हे शेख पक्ष्यांचे खरे वेडे होते. निसर्गातून नाहीशा झालेल्या स्पिक्स मॅकॉ या पोपटाचं प्रजनन त्यांच्या अल वाबरा केंद्रात झालं, हे त्यांचं मोठं काम. या लेन्स एवढ्या अजस्र का, हे साध्या भागाकाराने कळतं. १२०० ला ५.६ ने भागा, उत्तर २१४ येतं. म्हणजे प्रकाश आत घेणारं तोंड निदान २१४ मिलिमीटर रुंद हवं. एवढ्या काचेला वजन असणारच.

आता हीच लेन्स मनातल्या मनात तणमोरासमोर लावून पाहा. फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. १२०० ची लेन्स लावून शंभर मीटरवर रोखली, तर चौकटीत तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच एवढाच तुकडा मावतो. पक्ष्याची उडी जवळजवळ तेवढीच. कॅमेरा गवताच्या रेषेवर धरला तर उडीच्या टोकाला पक्षी चौकटीबाहेर, वर धरला तर उडी सुरू कधी झाली ते कळत नाही. सहाशेच्या लेन्समध्ये तेवढ्याच अंतरावर सहा मीटर बाय चार मीटरचा तुकडा येतो. त्यात उडी अख्खी मावते आणि हाताला सावरायला जागाही उरते.

दुसरा हिशोब अंतराचा. पंचेचाळीस सेंटीमीटरचा पक्षी शंभर मीटरवर असेल, तर १२०० ची लेन्स सेन्सरवर त्याची ५.४ मिलिमीटरची प्रतिमा पाडते. तोच पक्षी तीस मीटरवर आला, तर साधी चारशेची लेन्स सहा मिलिमीटरची पाडते. साडेसोळा किलो काच जे करते, त्याहून जास्त कमी झालेलं सत्तर मीटर अंतर करतं.

हे झालं कागदावर. माळावर आणखी एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे हवा. आमची काळी जमीन ऊन पडलं की झपाट्याने तापते आणि तिच्यावरची हवा थरथरायला लागते. उघडीप मिळालेल्या दिवशी सकाळचे दहा वाजले की लांबच्या धाविक पक्ष्याच्या डोळ्याची कड मऊ होते, पिसं एकमेकांत मिसळतात. लेन्स जितकी लांब, तितकी ही थरथरही मोठी होऊन येते. कितीही महाग काच घेतली तरी मधली दोनशे मीटर तापलेली हवा तिला पुसता येत नाही. उन्हाळ्यात कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट टिपताना हे कुणाच्याही लक्षात येईल.

मोठ्या लेन्सची एक बाजू मात्र मी मनापासून मान्य करतो, ती म्हणजे प्रकाश. श्रावणातल्या आभाळात उडी गोठवायला सेकंदाचा दोन हजारावा भाग लागतो. तिथे एफ ४ ची लेन्स एफ ६.३ पेक्षा सुमारे अडीचपट उजेड आत घेते. हा फरक चित्रात दिसतो. पण एफ ४ ची सहाशेची लेन्स घ्यायला लाखो रुपये लागतात, आणि वाशीमचा बहुतेक छायाचित्रकार दुचाकीवर फिरतो. २०१३-१४ पासून टॅमरॉन आणि सिग्माच्या दोन किलोच्या आतल्या १५०-६०० लेन्स आल्या, त्यांनीच जिल्ह्याजिल्ह्यांत पक्षी-छायाचित्रण पोचवलं असं माझं मत आहे. चारचाकी मिळाली तर काच खाली करून दारावर कापडी पिशवी ठेवायची, तिच्यात घरचं सोयाबीन भरायचं. दाणे लेन्सच्या पोटाखाली हवे तसे सरकतात, लेन्स घट्ट बसते आणि गाडीचं इंजिन बंद असेल तर तिपाईची आठवणही येत नाही.

मग ते सत्तर मीटर कमी कसे करायचे? इथे या मुलखातल्या फासेपारध्यांकडे वळावं लागतं. पक्ष्याची चाल, त्याचा आवाज, बसायची जागा, वाऱ्याची दिशा हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. गाय-पारधी तर शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ जात. कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ या संस्थेने अकोला-वाशीम भागात याच समाजाला सोबत घेऊन गवताळ माळ आणि तणमोर राखण्याचं काम केलं. शिकारीची विद्या राखणीला लागली, ही मला या मुलखातली फार मोलाची गोष्ट वाटते.

त्या विद्येचं पहिलं सूत्र असं की पक्ष्याच्या मागे जायचं नाही. तो कुठे येतो ते दोन-तीन दिवस लांबून पाहायचं, मग उजाडण्याआधी कडेला, आडोशाला जाऊन बसायचं आणि ऊन चढेपर्यंत हलायचं नाही. अंतर पक्ष्याने कमी करायचं असतं.

तणमोराच्या बाबतीत याला पर्याय नाही. २०२१ मध्ये आययूसीएनने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलं. गवत मोडून शेतं झाली, उरल्यासुरल्या माळांवर चराईचा भार वाढला. उड्यांचे दिवस हेच त्याचे विणीचे दिवस, आणि मादी अंडी उघड्या जमिनीवर, गवताच्या बुडाशी घालते. फोटोसाठी गवतात घातलेल्या गाडीचं एक चाक त्यांवरून जायला पुरेसं आहे.

म्हणून या पावसाळ्यात माळावर जाणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. लेन्स चारशेची असो की सहाशेची, गाडी रस्त्यावरच ठेवा, गवतात पाऊल टाकू नका, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवू नका. उडी दिसली तर जागेचा पत्ता सगळ्यांना कळवू नका, वनखात्याला कळवा. फोटोत पक्षी लहान आला तर लहान येऊ द्या, त्याच्याभोवतीचं गवतही त्यात राहील.