मागितली ती फक्त ‘प्रायॉरिटी’
‘अर्जंट’ आणि ‘इमर्जन्सी’ यांतला फरक शिकवताना मी आव्हियांकाच्या 52 क्रमांकाच्या विमानाबद्दल सांगते. 25 जानेवारी 1990. कोलंबियाहून आलेलं हे विमान खराब हवेमुळे न्यूयॉर्कच्या वाटेवर तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत राहिलं. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली, इंधन संपत आल्याचंही कळवलं. ‘इमर्जन्सी’ मात्र कुणी म्हटलं नाही. ‘प्रायॉरिटी’त घाई आहे, जिवावर बेतल्याची हाक नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, 73 माणसं गेली. चुका इतरही झाल्या, पण तो एक शब्द मला आजही चटका लावतो.

वैमानिकांसाठी तर शब्द ठरलेलेच असतात: तातडीची अडचण असेल तर ‘पॅन-पॅन’, प्राणसंकट असेल तर ‘मेडे’. इंधनासाठी आता ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे यापुढे उशीर चालणार नाही. ‘मेडे फ्युएल’ म्हणजे थेट इमर्जन्सी.