सुरीचे म्यान

चामड्याचे साधे म्यान नवशिक्यालाही हाताने शिवता येते. मात्र पिशवी शिवणे आणि म्यान शिवणे यांत एक महत्त्वाचा फरक आहे. पिशवीतील वस्तू शिवणीला सहसा इजा करीत नाही. म्यानातील सुरी मात्र आत-बाहेर होताना स्वतःच दोरा कापू शकते. दोरा तुटला की पाते बाहेर येते व धरणाऱ्याचा हात कापतो.

प्रथम चामड्याविषयी. आज बहुतेक चामडे क्रोमच्या क्षारांनी कमावतात. ते मऊ असते, पण दिलेला आकार धरून ठेवत नाही. म्यानासाठी झाडांच्या सालींनी कमावलेले, सुमारे ३ मिलिमीटर जाडीचे ताठ चामडे घ्यावे. अशा चामड्याची चेन्नई परिसरात जुनी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात मद्रासहून इंग्लंडला जाणारे ‘ईस्ट इंडिया’ चामडे तरवडाच्या सालीत कमावून शेवटी हिरड्याच्या पाण्यात बुडवीत. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरतो तोच हा तरवड! हिरडा तर कोल्हापुरी चपलेच्या चामड्यालाही लागतो. चेन्नईतच, अड्यार येथे, १९४८ साली केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली.

आता शिवणीकडे वळू. म्यानाच्या दोन बाजूंमध्ये, धारेच्या कडेने, चामड्याचीच एक अरुंद पट्टी चिकटवावी. धार या पट्टीवर टेकते, दोऱ्यापर्यंत पोहोचत नाही. नवशिके हीच पट्टी अनावश्यक समजून गाळतात. कडेपासून ४-५ मिलिमीटर आत रेघ आखावी. मात्र ती पट्टीच्या रुंदीतच राहिली पाहिजे. त्या रेघेवर साधारण तेवढ्याच अंतराने खुणा करून आरीने तिन्ही थरांतून सरळ भोके पाडावीत. आरीच्या टोकासमोर आपला हात कधीही ठेवू नये.

शिवणीच्या लांबीच्या किमान चौपट दोरा घेऊन तो मेणावरून ओढावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई ओवावी. पहिल्या भोकातून दोरा निम्मा ओढून घ्यावा. पुढे प्रत्येक भोकातून दोन्ही सुया परस्परविरुद्ध दिशांनी न्याव्यात व दोन्ही टोके सारख्याच जोराने ओढावीत. यंत्राच्या शिवणीत वरचा व खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की दुसराही सैल पडतो. येथे एका बाजूचा टाका झिजला, तरी दुसऱ्या बाजूचा शिवण धरून ठेवतो. शेवटी दोन-तीन भोके उलटे येऊन दोरा कापावा.

म्यान किंचित ओले करून त्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली सुरी घालावी, बोटांनी आकार द्यावा व सावलीत वाळवावे. सुरी मात्र महिनोन्‌महिने म्यानात ठेवू नये. चामडे दमट हवेतील ओलावा शोषते आणि पाते गंजते.