मोबाईल गेला म्हणजे फोटोही गेले? मृगाआधी घरच्या फोटोंची अशी करा सोय

दर्यापूर (ग्रामीण वार्ताहर) : घरातलं म्हातारं माणूस गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक धावपळ ठरलेली राहते. तेरवीच्या पत्रिकेसाठी आणि भिंतीवर लावायला चांगला फोटो पाहिजे. पोट्ट्यांच्या मोबाईलमध्ये हजारो फोटो आहेत, पण आजीचा एकटीचा, समोर पाहणारा एकही नाही. जो होता तो जुन्या मोबाईलमध्ये होता, आणि तो मोबाईल नवा घेताना दुकानात देऊन टाकला. मग कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून स्टुडिओत देतात. मोठा केला की चेहऱ्यावर चौकटी दिसतात, डोळे ओळखू येत नाहीत. पुढची चाळीस वर्षं नातवंडांना आजी तशीच दिसणार.

अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही तालुक्यात जा, हा अनुभव नसलेलं घर सापडणं कठीण. आपल्या आजोबांच्या काळी घरात दोन-चारच फोटो राहत, पण ते संदूकमध्ये पन्नास वर्षं टिकले. आता एका लग्नात दोन हजार फोटो निघतात आणि पाच वर्षांत एकही हाती लागत नाही. ते कशामुळे जातात आणि घरच्या घरी, कमी खर्चात कसे टिकवायचे, ते समजून घेऊ.

व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणजे जपला, असं नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. मोबाईलने काढलेला फोटो साधारण तीन ते पाच एमबीचा राहतो. व्हॉट्सॲप तो पाठवताना दाबून लहान करते, म्हणजे काहीशे केबीचा करते. मोबाईलच्या पडद्यावर तो छान दिसते, पण फ्रेमसाठी मोठा करायला गेलं की फाटते. दुसरं म्हणजे फोटो कोणत्या तारखेला, कुठे काढला ही माहिती मूळ फाईलमध्ये लपलेली राहते. साधा फोटो म्हणून पाठवला की तीही निघून जाते.

आणखी एक गोष्ट. ग्रुपवर आलेला फोटो आपण डाउनलोड केला नाही तर काही काळाने तो उघडतच नाही. पाठवणाऱ्याला परत मागावा लागते, आणि त्याने तोपर्यंत डिलीट केलेला राहते. व्हॉट्सॲपवरचे फोटो हे शेवटी आपल्याच मोबाईलमध्ये राहतात. मोबाईल विहिरीत पडला की तेही बुडाले.

यावर उपाय सोपा आहे. फोटो पाठवताना वर ‘एचडी’ असं लिहिलेलं दिसते, ते दाबा. त्याहून चांगलं म्हणजे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मग तो जसाच्या तसा, तारखेसकट जातो. जवळ बसलेल्या माणसाला द्यायचे असतील तर ‘क्विक शेअर’ने द्या. त्याला नेटही लागत नाही आणि फोटोची प्रतही कमी होत नाही.

पिकाच्या नुकसानीचे फोटो काढता तेव्हाही हे ध्यानात ठेवा. पुढे कोणी तारीख विचारली तर व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत ती सापडणार नाही. मूळ फोटो मोबाईलमध्ये राहू द्या.

गुगल फोटो : चांगली सोय, पण तीन खड्डे

अँड्रॉइड मोबाईलमध्ये ‘गुगल फोटो’ राहतेच. बॅकअप सुरू असला तर फोटो आपोआप गुगलकडे जमा होतात आणि मोबाईल हरवला तरी परत मिळतात. सोय चांगली आहे, पण तिच्यात तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा जागेचा. १ जून २०२१ पासून गुगलने फोटोंसाठीची अमर्याद फुकट जागा बंद केली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट मिळते. तीन एमबीचा एक फोटो धरला तर जवळपास पाच हजार फोटोंत ती भरते. व्हिडिओ असले तर त्याच्याही आधी. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच १५ जीबीत मोजला जातो. जागा भरली की नवे फोटो जमा होणं थांबते आणि ईमेलही येईनासे होतात. आपल्याला वाटते बॅकअप सुरू आहे, पण तो सहा महिन्यांपासून बंद राहते. म्हणून ॲप उघडून कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबा. ‘बॅकअप पूर्ण’ असं दिसते का, ते पाहा.

दुसरा खड्डा डिलीटचा. मोबाईल भरला म्हणून गुगल फोटोमधून फोटो उडवले तर ते मोबाईलमधूनही जातात आणि गुगलकडूनही. बरेच लोक इथेच फसतात. मोबाईलमधली जागा मोकळी करायची तर त्याच ॲपमधला ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय वापरा. तो फक्त मोबाईलमधली प्रत काढते, गुगलकडची राहू देते. चुकून उडाले असतील तर घाबरू नका. बॅकअप झालेला फोटो ‘बिन’मध्ये ६० दिवस राहते, तिथून परत आणता येते.

तिसरा खड्डा गावाकडे जास्त आहे. नवा मोबाईल घेतला की दुकानातलं पोरगं नवं जीमेल खातं काढून देते. पासवर्ड त्यानेच टाकलेला, आपल्याला माहीत नाही. दोन वर्षांनी पुन्हा नवा मोबाईल, पुन्हा नवं खातं. जुने फोटो जुन्या खात्यात अडकून पडतात. त्या खात्याला जोडलेल्या सिमचं रिचार्ज काही महिने केलं नाही तर नंबर बंद होते आणि पुढे दुसऱ्याच माणसाला मिळते. मग ओटीपी येणार कुठे? त्यात गुगलचा नियम असा की दोन वर्षं वापरात नसलेलं खातं फोटोंसकट काढून टाकलं जाऊ शकते. नवा मोबाईल घेताना दुकानदाराला स्पष्ट सांगा, जुनंच खातं टाका. खात्याचं नाव आणि पासवर्ड सातबारा-आठ अ च्या फाईलमध्ये लिहून ठेवा. ती फाईल कोणी हरवू देत नाही.

एकाच कोठीत सगळं बियाणं ठेवत नाही, तसंच

गुगलवरही सगळा भार टाकू नये. ज्यांनी कॉलेजात असताना ऑर्कुटवर फोटो टाकले होते त्यांना आठवत असेल, ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. काही काळ फोटो काढून घ्यायची मुभा होती, पण बहुतेकांना पत्ताच नव्हता. कंपनी कितीही मोठी असली तरी तिची सेवा कायमची राहील असं धरून चालता येत नाही.

हे मोठ्यांचंही झालं आहे. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण उपलब्ध नाही, थोडाच भाग उरला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जानेवारी २००३ मध्ये आग लागली, तेव्हा जुन्या चित्रपटांच्या कितीतरी रिळा जळाल्या. ज्याची दुसरी प्रत दुसरीकडे नव्हती, ते गेलं ते गेलंच.

म्हणून जाणकार एक साधा हिशेब सांगतात, ३-२-१. फोटोंच्या तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांत ठेवा, आणि त्यातली एक घराबाहेर राहू द्या. आपल्या घरासाठी याचा अर्थ असा :

• एक प्रत मोबाईलमध्ये.
• दुसरी पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कमध्ये. टाइप-सी पेनड्राइव्ह सरळ मोबाईललाच लागते, कॉम्प्युटरची गरज नाही. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये तीन एमबीचे जवळपास २० हजार फोटो मावतात.
• तिसरी गुगलवर. किंवा दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये भरून पुण्याला राहणाऱ्या पोराकडे नाहीतर दुसऱ्या गावी बहिणीकडे.

घराबाहेरची प्रत कशासाठी? जुलै २०२१ मध्ये अकोल्यात मोर्णेचं पाणी घराघरांत शिरलं होतं, ते आठवा. पाणी आलं तेव्हा मोबाईल, पेनड्राइव्ह, अल्बम सगळं एकाच कपाटात असलं तर तीन प्रती असून काय उपयोग?

पेनड्राइव्ह भरून डब्यात ठेवला की काम संपलं, असंही नाही. तो वर्षानुवर्षं न लावता राहिला तर त्यातली माहिती खराब होऊ शकते. हार्ड डिस्क पडली की बिघडते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते. टिनाच्या छताखाली, टीव्हीच्या मागे किंवा ट्रॅक्टरच्या डब्यात या वस्तू ठेवू नका. घरच्या सोयाबीनची पेरणीआधी शंभर दाणे ओल्या पोत्यात ठेवून उगवण पाहतो ना, तसंच करा. वर्षातून एकदा पेनड्राइव्ह लावा, आठ-दहा फोटो उघडून पाहा. चार-पाच वर्षांनी सगळं नव्यात उतरवा. आभाळ गरजत असताना हार्ड डिस्क लाईनवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला लावून ठेवू नका.

संदूकमधले जुने फोटो

कागदावरच्या फोटोंना ओल, वाळवी आणि बुरशी खाते. त्यांची मोबाईलवर प्रत करायला स्कॅनर पाहिजेच असं नाही. दरवाज्याजवळच्या सावलीतल्या उजेडात फोटो सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, मोबाईल बरोबर वरून धरा. गुगलचं ‘फोटोस्कॅन’ नावाचं फुकट ॲप आहे. ते एकाच फोटोच्या चार-पाच झलकी घेऊन चमक काढून टाकते. पासपोर्ट साइजचा लहान फोटो मोठा करायचा असेल तर मात्र स्टुडिओत किंवा सेतू केंद्रावर ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. साध्या फोटोला ३०० पुरते.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, फाटते. काचेवरूनच जरा तिरपा धरून टिपा. निगेटिव्ह घरात असल्या तर फेकू नका, त्यातून फोटो पुन्हा काढता येतो. फोटोच्या मागे लिहायचं तर पेन्सिलने हलक्या हाताने लिहा, बॉलपेनचा दाब समोर उमटते.

लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटचं काम सगळ्यात घाईचं आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू मशीन ज्या स्टुडिओकडे आहे तिथून कॅसेट पेनड्राइव्हमध्ये करून घ्या. सीडी-डीव्हीडीचंही तेच. नव्या लॅपटॉपला आता त्याची जागाच राहत नाही.

नाव नसलेला फोटो अर्धाच

फोटो टिकला, पण त्यात कोण आहे हे सांगणारं कोणी उरलं नाही, तर काय कामाचा? घरातल्या ऐंशी वर्षांच्या माणसाजवळ बसा, एकेक फोटो दाखवा आणि ते काय सांगतात ते मोबाईलवर रेकॉर्ड करा. “हा तुह्या आज्याचा साळा, हे त्याचं घर, मागं दिसते ते चिंचेचं झाड.” एवढ्यातून खूप काही मिळते. फाईलला नाव देताना आधी वर्ष लिहा : ‘१९८७-०५ मोठ्या आत्याचं लग्न’. म्हणजे फोटो आपोआप वर्षाप्रमाणे लागतात.

काही गावांसाठी तर हे घरापुरतं काम नाही. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ अप्पर वर्धा धरण झालं तेव्हा गावं पाण्याखाली गेली. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून कोहा, कुंड, बोरी यांसारखी गावं बाहेर आली. त्या गावातला पार, देऊळ, शाळा आता घराघरांतल्या लग्नाच्या फोटोंच्या मागेच काय ती दिसते. मुंबईत अनुषा यादव यांनी २०१० मध्ये ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ सुरू केला. घराघरांतले फोटो आणि त्यांच्यामागच्या गोष्टी गोळा करायच्या, एवढंच त्याचं काम आहे. आपल्या गावची पोरं मनावर घेतील तर एका पेनड्राइव्हवर गावापुरतं हे काम होऊ शकते.

वाटताना जरा जपून

नातेवाइकांना फोटो द्यायचे तर गुगल फोटोत ‘शेअर्ड अल्बम’ करता येतो. सगळे त्यात आपापले फोटो टाकू शकतात. पण त्याची लिंक ज्याच्या हाती पडेल तो फोटो पाहू शकते, म्हणून ती मोठ्या ग्रुपवर टाकू नका. काम झालं की लिंक बंद करा. पोरीबाळींचे आणि लहान लेकरांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय फिरवू नका. कोणी फोटोचा गैरवापर करून पैसे मागितले तर देऊ नका, सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच कळवा.

मोबाईल विकताना आधी फोटो उतरवा, मग ‘फॅक्टरी रिसेट’ करा. मेमरी कार्डमधले फोटो चुकून उडाले तर त्या कार्डवर नवा एकही फोटो काढू नका, लगेच बाहेर काढा. वर नवीन काही लिहिलं गेलं नाही तोवर ते परत मिळण्याची आशा राहते. मोबाईलच्या आतल्या मेमरीतून उडालेले मात्र सहसा मिळत नाहीत.

आणि एक नाजूक गोष्ट. कर्ता माणूस अचानक गेला आणि मोबाईलचा पॅटर्न कोणालाच माहीत नाही, असंही होते. आत सगळे फोटो आहेत, पण उघडणार कसं? घरातल्या एका भरवशाच्या माणसाला पॅटर्न सांगून ठेवा, बँकेचा पिन सांगू नका.

या आठवड्यात एवढं करा

१. गुगल फोटोत बॅकअप पूर्ण आहे का ते पाहा. खात्याचं नाव-पासवर्ड कागदावर लिहा.
२. सगळे फोटो एका पेनड्राइव्हमध्ये उतरवा, पाच-दहा उघडून पाहा.
३. संदूकमधले जुने फोटो मोबाईलवर घ्या, नावं विचारून लिहा.
४. आई-वडील, आजी-आजोबा यांचा एकेकाचा चांगला फोटो सकाळच्या उजेडात काढा, स्टुडिओत छापून घ्या.

सध्या नांगरट-वखरणी आटोपत आली आहे, पोरं सुट्टीत घरी आहेत. मृगाचं पाणी पडलं की पेरणीच्या घाईत कोणालाच सवड राहत नाही. चौथ्या कामाला तर ना नेट लागते, ना पेनड्राइव्ह. ते उद्या सकाळीच होऊन जाईल.