विमानतळाला जमीन किती लागते?

विमानतळ म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? चकचकीत फरशीची इमारत, काचेच्या भिंती, सामानाच्या ढकलगाड्या. वर्तमानपत्रांत छायाचित्रेही याच इमारतींची येतात. पण भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहिले तर ही इमारत म्हणजे एस. टी. स्टँडावरची शेड. ऊन-पावसापासून निवारा, एवढेच तिचे काम. खरा विमानतळ तिच्या मागे असतो. एक लांबलचक सपाट पट्टी, आणि त्या पट्टीच्या दोन्ही टोकांपलीकडची मोकळी हवा.

आपल्या बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. बीड शहरात आगगाडी पोचायलाच २०२५ सालचा सप्टेंबर उजाडला. तरीही मुंबईच्या विमानतळाची सुमारे शंभर वर्षांची हकीकत तुम्हाला समजावून घेता येईल, कारण तिची किल्ली तुमच्या नववीच्या पुस्तकात आहे. गतीचे ते तिसरे समीकरण आठवा : अंतिम वेगाचा वर्ग बरोबर आरंभीच्या वेगाचा वर्ग अधिक दोन गुणिले त्वरण गुणिले अंतर.

आता एक उदाहरण सोडवू. समजा, एका जेट विमानाला जमीन सोडण्यासाठी ताशी २७० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७५ मीटर वेग हवा आहे. इंजिने त्याला दर सेकंदाला १.५ मीटर प्रतिसेकंद एवढे त्वरण देतात. आरंभीचा वेग शून्य. मग ७५ चा वर्ग ५६२५, भागिले ३. उत्तर आले १८७५ मीटर. जवळजवळ दोन किलोमीटर! आणि वेळ लागला ५० सेकंद. ऐन वेळी उड्डाण रद्द करून थांबावे लागले तर त्यासाठी आणखी पट्टी हवी, ती निराळीच.

यातली मेख 'वर्ग' या शब्दात आहे. वेग दुप्पट झाला की पट्टी चौपट. मुंबईच्या विमानतळाने जागा का बदलल्या, याचे निम्मे उत्तर या एका ओळीत आहे.

१९२८ साली जुहूच्या समुद्रकाठी मुंबईचा पहिला नागरी विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्यांचे 'पस मॉथ' हे विमान एक इंजिनाचे, आणि भरलेले असतानाही एक टनाहून हलके. आपल्या गाडीवानाने बैलगाडीत ऊस भरला तर तीही त्याहून जड भरेल! एवढ्या हलक्या विमानाला वेग थोडा पुरतो आणि वेग थोडा म्हणून जागाही थोडी. सपाट मैदान असले की झाले. अडचण होती ती पावसाळ्याची. जुहूची जमीन सखल, भरतीच्या आणि पावसाच्या पाण्याने मैदानाचा चिखल होई. म्हणून त्या काळात पावसाळ्यापुरता टपालविमानांचा मुक्काम पुण्याला हलवीत असत.

विमाने मात्र भराभर जड होत गेली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले. ते 'कॉन्स्टेलेशन' जातीचे, चार इंजिनांचे, चाळीस टनांहून अधिक वजनाचे. असे धूड जुहूला परवडणारे नव्हते. जुहूच्या पूर्वेला अवघ्या काही किलोमीटरवर सांताक्रूझला मोठी जागा तयार होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचा तळ तेथे होता. युद्ध संपल्यावर तोच मुंबईचा मुख्य विमानतळ झाला.

दोन विमानतळ इतके शेजारी शेजारी, त्यामुळे गमतीही झाल्या. १५ जुलै १९५३ रोजी बी. ओ. ए. सी. या ब्रिटिश कंपनीचे 'कॉमेट' हे जेट विमान सांताक्रूझ समजून चुकून जुहूलाच उतरले. उतरले खरे, पण आता निघायचे कसे? जुहूची मोठी पट्टी आजही ११५० मीटरांच्या आतच आहे. तरी नऊ दिवसांनी ते विमान उडवूनच बाहेर काढले. हे कसे जमते ते पाहा. विमानाला वर उचलणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वजन कमी केले की जमीन सोडण्यासाठी लागणाऱ्या वेगाचा वर्गही त्याच प्रमाणात कमी होतो. शिवाय तेच इंजिन हलक्या विमानाला जास्त त्वरण देते. दोन्ही परिणाम गुणिले की पट्टीची लांबी वजनाच्या वर्गाप्रमाणे बदलते. समजा वजन ७० टक्क्यांवर आणले. ०.७ चा वर्ग ०.४९. आपल्या मघाच्या उदाहरणातले १८७५ मीटर एकदम ९१९ वर येतात! उतारू उतरवा, सामान काढा, लांबच्या प्रवासाचे इंधनही नको. जायचे शेजारच्या विमानतळावर.

२४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सच्या डी. सी. ८ विमानाकडून नेमकी तीच चूक झाली. त्या वेळी विमान पट्टी ओलांडून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. प्राणहानी झाली नाही, हे नशीब.

सांताक्रूझच्या नकाशात एक गोष्ट तुमच्या लगेच लक्षात येईल. तेथे दोन धावपट्ट्या आहेत आणि त्या एकमेकींना छेदतात. एक पूर्व-पश्चिम, सुमारे ३४५० मीटर लांब. दुसरी वायव्य-आग्नेय, तिच्याहून आखूड. त्यांच्या टोकांवर मोठमोठे आकडे रंगवलेले असतात. मोठ्या पट्टीवर ०९ आणि २७, दुसरीवर १४ आणि ३२. हे आकडे म्हणजे होकायंत्रातील अंश, शेवटचे शून्य गाळून. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. मात्र २७ हा आकडा पट्टीच्या पूर्व टोकाला लिहिलेला असतो, कारण पश्चिमेकडे तोंड करून येणाऱ्या वैमानिकाला तो वाचायचा असतो. कोणत्याही पट्टीच्या दोन आकड्यांत फरक १८ चाच का, हे तुम्हीच सांगा.

दिशा ठरते वाऱ्यावरून. विमानाला हवा असतो तो हवेच्या तुलनेतला वेग. समोरून सेकंदाला १० मीटर वारा येत असेल तर ७५ पैकी १० मीटर वाऱ्यानेच दिले. जमिनीवर ६५ पुरे. ६५ चा वर्ग भागिले ३, म्हणजे १४०८ मीटर. फुकटात पाव पट्टी वाचली! पतंग उडवणारा पोर वाऱ्याकडे तोंड करून धावतो, त्याला हे समीकरण माहीत नसते एवढेच. मुंबईत समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून विमाने बहुतेक वेळ २७ च्या दिशेने, समुद्राकडे तोंड करून उडतात. वाऱ्याची दिशा बदलली किंवा मोठ्या पट्टीची दुरुस्ती निघाली, तर दुसरी पट्टी कामी येते.

पण छेदणाऱ्या पट्ट्यांचा तोटा असा की दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. चौकात दोन्हीकडच्या गाड्या एकदम सोडल्या तर काय होईल? म्हणून पट्ट्या दोन असल्या तरी हिशेब एकीचाच.

१९७१ साली एअर इंडियाची 'जंबो' विमाने आली, वजन तीनशे टनांच्या वर. १९८० च्या दशकाच्या आरंभी परदेशी प्रवासासाठी सहारला नवी इमारत झाली, पुढे २०१४ साली तिच्या जागी आजची भव्य इमारत उभी राहिली. इमारती वाढल्या, पट्ट्या त्याच राहिल्या. वाढायला जागा कोठे होती? चहूबाजूंनी शहर येऊन भिडले होते. कुंपणाला लागून झोपड्यांची दाट वस्ती, एकीकडे कुर्ला, एकीकडे अंधेरी. आग्नेयेकडे ट्रॉम्बेची टेकडी विमानांच्या वाटेजवळ उभी. मिठी नदी तर विमानतळाखालूनच वाहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आपल्या बीडकडे सबंध वर्षातही एवढा पडत नाही. नदीला पसरायला जागा उरली नव्हती. ती धावपट्टीवर आली आणि विमानतळ बंद पडला.

अशा या एका पट्टीच्या हिशेबावर मुंबईने डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात हजाराहून अधिक विमाने चढवली-उतरवली. एका दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार करा. दर ८६ सेकंदांना एक विमान! आणि दोन विमानांत अंतर ठेवावेच लागते, कारण जड विमानाच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे जोरदार भोवरे काही काळ फिरत राहतात. मागचे हलके विमान त्यात सापडले तर ते उलटेपालटे होऊ शकते. माणसाने घाई केली म्हणून हवेचे भोवरे काही लवकर विरत नाहीत. मुंबईचे हे काम नियंत्रण कक्षातील मंडळींच्या कौशल्याचे आहे, यात शंका नाही. पण मला त्याचे कौतुक वाटते तशी काळजीही वाटते.

"हे सारे मुंबईचे, आमचे काय?" असे तुम्ही विचाराल. आपल्याला जवळचा विमानतळ चिकलठाण्याचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. मोकळी हवा हा विमानतळाचाच भाग कसा, हे तेथे २६ एप्रिल १९९३ ला दिसले. तेव्हाच्या औरंगाबादहून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान भर दुपारी मुंबईकडे निघाले. आत ११८ माणसे. विमानाने अगदी पट्टीच्या शेवटाशी जमीन सोडली. पट्टीच्या टोकापलीकडे सुमारे १२५ मीटरवर रस्ता होता आणि त्या रस्त्यावरून दाबलेल्या कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. असे ट्रक तुम्ही रोज पाहता. विमानाची डावीकडची चाके आणि इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला, रस्त्यापासून सुमारे सात फुटांवर. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर विमान उच्च दाबाच्या विजेच्या तारांत सापडून कोसळले. ५५ माणसे गेली. चौकशीत दोन कारणे नोंदली गेली. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, हे एक. दुसरे, विमानांच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखून धरली जात नव्हती, हे. चौकशीच्या निष्कर्षात त्या रस्त्याचे नाव आहे : बीड रोड.

यात उन्हाळ्याचे गणित कसे असते तेही पाहू. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच. उंचीमुळे हवेचा दाब कमी, आणि हवा तापली की ती आणखी विरळ होते. ४० अंश सेल्सियसला चिकलठाण्याची हवा, ३० अंशांच्या मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के विरळ भरते. विरळ हवा पंखांना कमी उचलते, म्हणून वेग जास्त हवा. इंजिनालाही तीच विरळ हवा मिळते, म्हणून त्याचा जोर कमी. दोन्ही मिळून पट्टी वीस टक्क्यांहून अधिक लांब लागते. विमान तेच, माणसे तेवढीच. आणि टोकाशी जमीन सोडलेले विमान सुरुवातीला दर २० मीटरला १ मीटर चढले, तर १२५ मीटरवर ते जेमतेम सहा मीटर उंच असेल. गाठींनी भरलेला ट्रक किती उंच असतो, तो एकदा मोजून पाहा.

म्हणूनच नवा विमानतळ बांधताना पट्टीइतकाच पट्टीपलीकडचा विचार करावा लागतो. मुंबईसाठी तो १९९० च्या दशकापासून चालला होता. अखेर खाडीपलीकडे पनवेलजवळ नवी मुंबईचा विमानतळ झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुरू झाली. पहिली धावपट्टी ३७०० मीटरची. दुसरी तिला छेदणारी नाही, समांतर योजलेली आहे, म्हणजे एकीवर विमान उतरत असताना दुसरीवरून उडू शकेल. सांताक्रूझ बंद होणार नाही; दोघे मिळून शहराचा भार वाहतील. चीनमधील शांघायने हेच केले. शहरात सापडलेला होंगचाओ विमानतळ तसाच ठेवून त्यांनी १९९९ साली समुद्राकाठी पुडोंगचा नवा विमानतळ सुरू केला. ग्वांगजौने मात्र २००४ साली शहरातला जुना विमानतळ बंदच केला आणि नवा दूर उत्तरेला नेला.

नवी मुंबईच्या त्या जागी आधी मोकळे मैदान होते असे मात्र समजू नका. सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी विमानांच्या वाटेत येत होती. ती सुरुंग लावून कापली आणि तिचा दगड सखल खाजणात भरावाला टाकला. उलवे नदीचा प्रवाह वळवला. मिठीचा अनुभव ताजा असताना ही नदी भर पावसात कशी वागते, हे अभियंत्यांना बारकाईने पाहावे लागेल. आणि दहा गावे उठली. त्या गावांतील घरे, देवळे, भाताची शेते आता धावपट्टीच्या आणि कुंपणाच्या आत आहेत.

तुमच्या गावाचा किंवा तालुक्याचा नकाशा शाळेत असेल. त्याच्या प्रमाणानुसार ३७०० मीटर लांबीची कागदाची पट्टी कापा. पावसाळ्यात तुमच्याकडे वारा कोठून येतो ते आठवा, त्या दिशेला पट्टी ठेवा आणि दोन्ही टोकांपुढे आणखी तीन-तीन किलोमीटर रेघ ओढा. मग त्या पट्टीखाली आणि रेघेखाली कोणती विहीर, कोणता डोंगर, कोणाचे शेत आणि कोणता रस्ता येतो, याची यादी करून आपल्या शिक्षकांना दाखवा.