तोफेला कडे कशासाठी?

अमेरिकेत जुन्या मैदानी तोफा हौसेने जमवणारे लोक आहेत. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातील दहा-पौंडी पॅरट तोफेला त्यांच्यात मोठा मान. तोफ बिडाची; पण तिच्या मागच्या भागावर घडीव लोखंडाचे जाड कडे दिसते. ते शोभेसाठी नाही बरे!

दारू पेटली की वायू नळीला आतून रेटतात आणि तिची भिंत ताणली जाते. बीड दाब उत्तम सोसते, ताण मात्र नाही; त्यातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांपाशी तडा सुरू होतो. म्हणून रॉबर्ट पॅरट यांनी कडे तापवून चढवले. निवताना ते आकसते आणि नळीला आवळून धरते. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो ती अशीच. तोफेच्या गाड्याच्या ५७ इंची लाकडी चाकावरही तशीच धाव असे.

तरीही डिसेंबर १८६४ मध्ये फोर्ट फिशरवरील माऱ्यात याच घडणीच्या मोठ्या तोफा फुटून नाविक मेले. कडे मागेच होते, पुढची नळी नुसत्या बिडाची!

मूळचे लाकडी गाडे बहुतेक कुजून गेले. नळी टिकते, पण बीड फुटण्यापूर्वी वाकून इशारा देत नाही, आणि आतली चीर वरच्या रंगाखाली दिसत नाही. जाणता संग्राहक नळीच्या तोंडावर कोरलेले वर्ष नि वजन वाचतो. दारू मात्र भरत नाही.