कोल्हापूरला एटीआर, दिल्लीला एअरबस
आकाशामागचं अर्थकारण : भाग ६

तिकिटाचा दर तासातासाला का बदलतो, ते गेल्या भागात पाहिलं. पण दर ठरवायला बसण्याच्या कितीतरी आधी कंपनीला आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. त्या उड्डाणाला विमान कोणतं लावायचं? हैदराबादहून कोल्हापूरला येणारं इंडिगोचं विमान म्हणजे पंख्याचं, ७८ आसनांचं एटीआर. त्याच कंपनीच्या मुंबई–दिल्ली फेरीला १८६ आसनांचं एअरबस ए-३२० लागतं, नाहीतर २२२ किंवा २३२ आसनांचं ए-३२१. कोल्हापूरचे प्रवासी कमी, दिल्लीचे जास्त, म्हणून असं, हे उत्तर चुकीचं नाही. पण त्याने निम्माच उलगडा होतो.

पहिली अट घालते ती धावपट्टी. कोल्हापूरची धावपट्टी पूर्वी सुमारे १,३७० मीटर होती. एटीआरला तेवढी चालते, भरलेल्या ए-३२०ला नाही. पुढे ती १,९३० मीटरपर्यंत वाढवली गेली. नुसती लांबी मात्र पुरत नाही. हवा विरळ असली की पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. लेहचा विमानतळ ३,२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथली उड्डाणं सकाळी उरकून घेतात, कारण दुपारी हवा तापते आणि वारे सुटतात. हेच गणित थोड्या प्रमाणात मे महिन्यातल्या नागपूरलाही लागू पडतं. पारा चढला की विमानाला तेवढ्याच धावपट्टीवरून कमी वजन उचलता येतं.

पुण्याचं उदाहरण आणखी बोलकं आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आणि लांबी अडीच किलोमीटरच्या आसपास. युरोपपर्यंतचं इंधन भरलेलं रुंद विमान तिथून निघणं अवघड. तरीही लुफ्तांझाने २००८पासून काही वर्षं पुणे–फ्रँकफर्ट सेवा चालवली. त्यासाठी प्रायव्हेटएअर या स्विस कंपनीचं छोटं, अरुंद विमान घेतलं. त्यात आसनं मोजकी आणि त्यांतली बरीचशी बिझनेस क्लासची. प्रवासी थोडे, म्हणजे वजन कमी. आणि चाकण परिसरातल्या जर्मन कंपन्यांमुळे जास्त भाडं मोजणारे प्रवासी हाताशी. धावपट्टी वाढवता येत नव्हती, तेव्हा विमानाच्या आतली मांडणीच बदलून घेतली.

दुसरी अट कायद्याची, आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे ८०पेक्षा कमी आसनक्षमतेच्या, देशांतर्गत नियमित सेवेतल्या विमानांना लँडिंग शुल्क माफ असतं. कमाल उड्डाण-वजन ४० हजार किलोच्या आत असलेल्या अशा विमानांचं इंधन केंद्रीय विक्रीकर कायद्याने ‘घोषित वस्तू’ ठरवलं आहे. त्यावर राज्यांना मनमानी कर लावता येत नाही. मोठ्या जेटच्या इंधनावर काही राज्यांत वीस टक्क्यांच्या वर व्हॅट आहे. ७८ आसनांचं, सुमारे २३ टनांचं एटीआर दोन्ही सवलतींत अलगद बसतं. केबिन क्रूचा हिशेबही आसनांवरच चालतो. दर ५० आसनांमागे एक, म्हणजे एटीआरला दोघं, ए-३२०ला चौघं, ए-३२१ला पाच.

लहान शहरांना विमानसेवेने जोडणारी केंद्राची उडान योजनाही त्याच मापाची आहे. २७ एप्रिल २०१७ला पहिली उड्डाणं झाली, त्यांत नांदेड–हैदराबाद होतं, ट्रूजेटच्या एटीआरने. योजनेत साधारण निम्मी आसनं, जास्तीत जास्त ४०, सवलतीच्या दराने द्यायची आणि त्यांच्यावरची तूट सरकारने भरून द्यायची. ७८चे निम्मे ३९. मर्यादा जणू एटीआर समोर ठेवूनच आखली असावी, इतकी चपखल. १८६ आसनांचं विमान लावलं तर ४० आसनांना आधार मिळेल, उरलेली १४६ कंपनीच्या नशिबावर.

आता मागणीकडे वळू. इथे सरासरी फसवते. एखाद्या फेरीला वर्षभरात सरासरी १६० प्रवासी मिळतात, म्हणून १८६ आसनं पुष्कळ झाली असं वाटेल. पण मंगळवारी दुपारी ११० येतात आणि शुक्रवारी संध्याकाळी २१० यायला तयार असतात. त्या शुक्रवारी २४ जणांना परत पाठवावं लागतं. आणि हे २४ जण साधेसुधे नसतात. गेल्या भागात पाहिलं तसं, महिनाभर आधी तिकीट काढणारा स्वस्तात जातो आणि शेवटच्या दोन दिवसांत धावत येणारा सगळ्यात जास्त मोजतो. विमान लहान पडलं की दारातून परत जातो तो हाच. उलट २२२ आसनांचं विमान लावलं तर मंगळवारी निम्मं रिकामं उडणार. आणि रिकामं आसन म्हणजे नाशवंत माल. दार बंद झालं की त्याची किंमत शून्य, उद्या ते विकता येत नाही.

मग शुक्रवारी मोठं, मंगळवारी लहान, असं का करू नये? करतात, पण एकाच कुटुंबातल्या विमानांत. ए-३२० आणि ए-३२१ यांची वैमानिक-पात्रता एकच, त्यामुळे अदलाबदल सोपी जाते. कधी आपल्या मोबाइलवर आसन बदलल्याचा संदेश येतो, त्यामागे बहुधा हेच असतं. ३५व्या रांगेत आरक्षण केलं आणि आलं ३१ रांगांचं ए-३२०. एटीआरच्या जागी एअरबस आणणं मात्र वेगळं प्रकरण आहे. एसटीच्या आगारात ऐनवेळी लालपरीऐवजी निमआराम गाडी लावली तर चालक-वाहक तेच राहतात. इथे वैमानिक बदलतात, अभियंते बदलतात, सुटे भागही बदलतात.

खरी गुंतागुंत तर याच्याही पुढे आहे. विमान एका मार्गाला दिलेलं नसतंच. ते दिवसभराच्या साखळीला दिलेलं असतं. समजा, सकाळी सहाला मुंबईहून निघालेलं विमान दिल्ली, श्रीनगर, पुन्हा दिल्ली, मग पुणे आणि रात्री परत मुंबई असं फिरतं. यातल्या पुण्याच्या फेरीला लहान विमान पुरेल असं कितीही वाटलं, तरी दिल्लीला त्या क्षणी लहान विमान उभं असायला हवं. प्रत्येक विमानतळावर ज्या प्रकारची जितकी विमानं येतात तितकीच निघाली पाहिजेत, आणि रात्री जिथे थांबतील तिथूनच सकाळ सुरू झाली पाहिजे. ठरावीक रात्री देखभालीच्या तळावरही पोचायला हवं.

हे कोडं किती मोठं आहे, ते अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सवरून कळतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिची रोज देशांतर्गत २,५०० उड्डाणं होती, सुमारे ४५० विमानं आणि दहा प्रकार. प्रत्येक उड्डाणाला दहा पर्याय धरले तर एकूण शक्यता होतात १ वर २,५०० शून्यं. माणसांनी कागदावर हे सोडवणं शक्यच नव्हतं. कंपनीने ‘कोल्डस्टार्ट’ नावाची गणिती प्रणाली उभी केली. तिच्यामुळे तीन वर्षांत ३० कोटी डॉलर वाचतील असा कंपनीचा अंदाज १९९४मध्ये प्रसिद्ध झाला. नवं विमान न घेता, नवा मार्ग न उघडता, केवळ कोणतं विमान कुठे पाठवायचं हे नीट ठरवून.

अर्थात गणित कितीही नेटकं असलं तरी बाहेरचं जग ते विस्कटतं. २४ एप्रिल २०२५ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंदला जाणारी इंडिगोची उड्डाणं त्यानंतर थांबली, कारण वळसा घालून जाण्याइतका पल्ला तिच्या ताफ्यातल्या विमानांना नव्हता. प्रवासी होते, विमानही होतं. जुळत नव्हतं ते अंतर. कधी कारण आणखी वेगळं असतं. जानेवारी २०२४मध्ये एअर इंडियाने ३१६ आसनांचं नवंकोरं ए-३५० आधी मुंबई, बेंगळुरू, चेन्नई अशा देशांतर्गत मार्गांवर फिरवलं. तिथे एवढ्या मोठ्या विमानाची गरज होती म्हणून नव्हे. वैमानिकांचा आणि केबिन क्रूचा हात त्यावर बसावा म्हणून.

हे सगळं लक्षात घेतलं की आपल्या जिल्ह्यांतली एक मागणी तपासून पाहावीशी वाटते. विमानतळ झाला की पुढारी आणि व्यापारी संघटना म्हणतात, ‘आम्हाला एअरबस हवी.’ मोठं विमान आलं की शहर मोठं झालं, असा समज त्यामागे असतो. पण एका ए-३२०ची आसनं १८६ आणि सकाळ-संध्याकाळ दोन एटीआरची मिळून १५६. आसनं थोडी कमी, पण सकाळी जाऊन काम आटोपून रात्री घरी परतता येतं. एकच मोठी दुपारची फेरी असेल तर मुक्काम पडतो, आणि धंद्यासाठी फिरणारा प्रवासी रेल्वे किंवा मोटार गाठतो. तो गेला की उरतो फक्त स्वस्त तिकीट शोधणारा, आणि मोठं विमान वर्षभरात काढून घेतलं जातं. तेव्हा मागायचीच असेल तर दुसरी फेरी मागावी, रात्री विमान उभं करायची सोय मागावी आणि विमानतळ रात्री उशिरापर्यंत उघडा ठेवायला सांगावं. प्रवासी वाढले की मोठं विमान कंपनी आपणहून पाठवते.

मुंबईत मात्र नेमकं उलटं घडतं. तिथे दुसरी फेरी मागूनही मिळत नाही, कारण एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांपैकी एका वेळी एकच वापरता येते, आणि तिच्यावर रोज नऊशेहून अधिक विमानांची ये-जा चालते. मिळालेल्या एका वेळेत जास्तीत जास्त माणसं न्यायची, तर ए-३२१ लावण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि ७८ आसनांच्या विमानाला ती वेळ मिळणं दुरापास्त होतं. ही वेळ, म्हणजेच स्लॉट, कोण वाटतं, कोणत्या नियमाने वाटतं आणि नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्याने त्यात काय बदलू शकतं, ते पुढच्या भागात.