आधी वितळतो तो कनेक्टर

घरच्या मायनिंग रिगमध्ये ‘ग्राफिक्स कार्ड जळालं’ अशी ओरड होते, तेव्हा आधी रायझरची, म्हणजे कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या पट्टीची, वायर तपासा. तिला अनेकदा साटा कनेक्टरमधून वीज दिलेली असते आणि तो १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅट पेलतो. कार्ड मात्र स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. मग पिवळ्या वायरीजवळचं प्लॅस्टिक तपकिरी पडतं, मऊ होतं, करपल्याचा वास सुटतो. असा वास आला की रिग तत्काळ बंद करा, अगदी मध्यरात्रीसुद्धा. रायझरला सहा पिनांची वायर थेट पॉवर सप्लायमधूनच द्यावी. त्याखालोखाल बिघडतात ते कार्डाचे पंखे. चोवीस तास फिरून बेअरिंग झिजतं, घरघर सुरू होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि अशी वापरलेली कार्डं विक्रीला निघाली. घेण्याआधी पंखा बोटाने फिरवून पाहा.